तीन कोपरे चौकोनी, एक गोल : इंग्लंडच्या किल्ल्यांमध्ये सहा दिवस

इंग्लंडला जाणारे बरेच जण लंडनचा टॉवर पाहतात, जमलं तर विंडसर करतात आणि फार तर वॉरिकला जाऊन येतात. तिन्ही ठिकाणी तटबंदी, बुरुज, चिलखतं आणि भेटवस्तूंचं दुकान. त्यामुळे तिसऱ्या किल्ल्यावर सगळं सारखंच वाटू लागतं. खरं तर हे किल्ले एकमेकांपासून फार वेगळे आहेत, पण तो फरक कळायला ते एका क्रमाने पाहावे लागतात. अकराव्या शतकातला चौकोनी मनोरा आधी पाहायचा, मग तो कुठे आणि कसा मोडला ते, आणि त्यानंतर पुढच्या बांधकामात काय बदललं ते. खालचा सहा दिवसांचा बेत त्या हिशेबाने आखला आहे: लंडन, रॉचेस्टर, डोव्हर, बोडियम, वॉरिक, केनिलवर्थ. गाडी भाड्याने न घेता, रेल्वेने होतो.

निघण्याआधी दोन-तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात. हे सगळे किल्ले एकाच संस्थेचे नाहीत. टॉवर राजवाड्यांची देखभाल करणाऱ्या न्यासाकडे, डोव्हर आणि केनिलवर्थ इंग्लिश हेरिटेजकडे, बोडियम नॅशनल ट्रस्टकडे आणि वॉरिक खासगी करमणूक कंपनीकडे आहे. त्यामुळे एका पासवर सगळं भागत नाही. इंग्लिश हेरिटेज परदेशी पर्यटकांना ९ किंवा १६ दिवसांचा पास देते, पण तो टॉवर, बोडियम आणि वॉरिकला चालत नाही. डोव्हर आणि केनिलवर्थ एवढ्यापुरताच घेणार असाल तर आधी बेरीज करून पाहा. स्टोनहेंजही जोडणार असाल तर बहुधा परवडतो.

दोघं प्रवास करणार असतील तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड काढावं, भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. मात्र कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही आणि दोघांनी बरोबरच प्रवास करावा लागतो. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस सोडली जाते. दीड तासाचा प्रवास तीन तासांवर जातो, म्हणून लांबचा टप्पा रविवारी ठेवू नये.

एप्रिल ते सप्टेंबर हा चांगला काळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अनेक किल्ले फक्त शनिवार-रविवारी उघडे असतात आणि डिसेंबरात लंडनला चारच्या आतच सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री नवापर्यंत उजेड असला तरी किल्ल्याचा दरवाजा पाच-सहाला बंद होतोच, आणि शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी अर्धा ते एक तास थांबतो.

पहिला दिवस : लंडनचा टॉवर

दार उघडायच्या वेळी पोहोचावं आणि पहिल्यांदा राजरत्नांच्या दालनात जावं. अकरानंतर तिथली रांग तासाभराची होते. मुकुटांच्या समोर सरकता पट्टा आहे, तो माणसाला थांबू देत नाही. गर्दी कमी असेल तर मागे येऊन पुन्हा पट्ट्यावर उभं राहता येतं. १८४९ मध्ये पंजाब खालसा करताना दहा-अकरा वर्षांच्या दलीपसिंगाकडून लिहून घेतलेला कोहिनूर इथेच आहे, १९३७ च्या राणीच्या मुकुटात. १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले, त्यात त्याचं वजन बरंच घटून सुमारे १०५ कॅरट उरलं. लाहोरला होता तो हिरा आणि आज दिसतो तो हिरा आकाराने एक नाही, हे समोर उभं राहून लक्षात ठेवावं.

मग मधला व्हाइट टॉवर. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. जिंकलेला मुलुख ताब्यात ठेवायला त्याच्या लोकांनी आधी गावोगावी मातीची टेकाडं रचली आणि त्यांवर लाकडी मेढेकोट उभारले. काही आठवड्यांत होणारं काम. लंडनसारख्या शहरावर मात्र दगडी वचक हवा होता. १०७० च्या दशकात काम सुरू झालं, देखरेखीला रॉचेस्टरचा बिशप गंडल्फ होता. पाया सुमारे ३६ मीटर बाय ३२ मीटर, उंची २७ मीटर, तळाशी भिंतीची जाडी साडेचार मीटरपर्यंत. सह्याद्रीत निम्मं काम कातळकडा करतो. थेम्सच्या सपाट काठावर कडा नाही, म्हणून तोच दगडात बांधावा लागला. अशा मनोऱ्याला ‘कीप’ म्हणतात. आपल्या भाषेत तो सपाटीवरचा बालेकिल्ला.

आत शिरताना बाहेरचा लाकडी जिना चढावा लागतो, कारण दार जमिनीवर नाही, पहिल्या मजल्यावर आहे. वेढा पडला की लाकडी जिना काढून टाकायचा, हा हेतू. दार दक्षिणेला आणि मूळचा गोल जिना नेमका समोरच्या ईशान्य कोपऱ्यात. आत घुसलेल्या माणसाला अख्खी दालनं तिरकी ओलांडल्याशिवाय वर चढता येऊ नये, अशी ही रचना आहे. बाहेर येऊन वर पाहिलं तर चार कोपऱ्यांतले तीन मनोरे चौकोनी आणि ईशान्येचा एक गोल दिसतो. जिना आत असल्याने तो गोल आहे. हे उद्या उपयोगी पडणार आहे.

खिडक्यांवरून मात्र मध्ययुगाचा अंदाज बांधू नये. त्या नंतरच्या काळात रुंद केल्या आहेत. मूळ इमारत याहून खूप अंधारी होती. तेराव्या शतकात तिसऱ्या हेन्रीने मनोऱ्याला चुना फासून घेतला, त्यावरून व्हाइट टॉवर हे नाव पडलं. भोवतालची दुहेरी तटबंदी त्याच्या आणि त्याच्या मुलाच्या काळातली. बाहेरचा तट मुद्दाम ठेंगणा आणि आतला उंच आहे, म्हणजे दोन्ही तटांवरच्या तिरंदाजांना एकाच वेळी मारा करता येतो. राजगडाची संजीवनी माची ज्यांनी चालून पाहिली आहे त्यांना दुहेरी तटाचा फायदा समजावून सांगायला नको, पण इथे तो सपाटीवर केलेला आहे.

राजरक्षकांच्या तासाभराच्या फेऱ्या तिकिटातच येतात. फेरी आधी घेतली तर राजरत्नांची रांग वाढते, म्हणून ती नंतर घ्यावी. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. स्टेशनवरच्या सामानघरात ठेवून यावं.

दुसरा दिवस : रॉचेस्टर

सहा दिवसांपैकी एकच किल्ला पाहायचा असेल तर हा पाहावा. दुकान लहान, देखावे नाहीत, आत छप्परही नाही, आणि तरी इंग्लंडच्या दुर्गबांधणीचा धडा याच्याइतका स्वच्छ कुठेच दिसत नाही.

लंडनच्या सेंट पँक्रासहून वेगवान गाडी सुमारे ४० मिनिटांत पोहोचते. व्हिक्टोरियाहूनही गाड्या आहेत, त्या सावकाश आणि स्वस्त. घोटाळा इथे होतो: साध्या मार्गाचं तिकीट वेगवान गाडीला चालत नाही, तिला वरचं भाडं लागतं. स्वस्त तिकीट काढून सेंट पँक्रासला गेलं की गाडीत फरक भरावा लागतो. तिकीट घेताना मार्ग कोणता लिहिला आहे तो वाचून घ्यावा.

स्टेशनपासून हमरस्त्याने १०-१५ मिनिटं चाललं की डावीकडे कॅथेड्रल आणि त्याच्यापलीकडे मनोरा. मेडवे नदीवरचा पूल राखायला रोमनांच्या काळापासून इथे वस्ती होती, कारण डोव्हरहून लंडनला जाणारा रस्ता इथेच नदी ओलांडतो. तट आधीचा, गंडल्फने बांधलेला. मनोरा ११२७ नंतरचा. पहिल्या हेन्रीने किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपांकडे सोपवला आणि विल्यम ऑफ कॉर्बेइल या आर्चबिशपने हा मनोरा उभारला. बाजू सुमारे २१ मीटर, कठड्यापर्यंतची उंची ३४ मीटरच्या वर, भिंती तळाशी साडेतीन मीटरहून जाड.

लगेच आत जाऊ नये. आवार फुकट आहे, तिकीट फक्त मनोऱ्याला. पहिली २० मिनिटं बाहेरून प्रदक्षिणा घालण्यात घालवावीत. चालताना कोपरे मोजावेत: चौकोनी, चौकोनी, चौकोनी. आणि आग्नेयेला गोल. काल टॉवरला गोल कोपऱ्याचं कारण जिना होतं. इथे कारण १२१५ साल आहे.

त्या वर्षी जूनमध्ये जॉन राजाला सरदारांनी राजाच्या अधिकाराला मर्यादा घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या करारावर मोहोर उठवायला लावली. शरदात तो करार मोडून लढाई जुंपली आणि बंडखोरांनी रॉचेस्टर घेतलं. ऑक्टोबरच्या मध्यावर राजाने वेढा घातला. कँटरबरीच्या अधिकाऱ्यांना त्याने हुकूम धाडला की रात्रंदिवस कुदळी घडवा आणि इकडे पाठवा. दगडफेकीची यंत्रं मारा करत राहिली, पण इतक्या जाड भिंतीला त्यांनी फारसं काही झालं नाही. काम केलं ते कुदळींनी. बाहेरचा तट आधी पडला, मग सैनिक मनोऱ्याच्या आग्नेय कोपऱ्याखाली खणू लागले.

आपण सुरुंग म्हटलं की डोळ्यांसमोर दारूचा स्फोट येतो. १६६० मध्ये चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरुज शाहिस्तेखानाने तसाच उडवला. १२१५ च्या इंग्लंडमध्ये दारू नव्हती. तिथला सुरुंग असा: भिंतीच्या पायाखाली भुयार खणायचं, खणता खणता वरचा भार जाड लाकडी खांबांवर तोलायचा, भुयार पुरेसं रुंद झालं की त्यात काटक्या आणि जळाऊ चरबी ठासायची आणि पेटवून बाहेर पडायचं. खांब जळाले की वरचं बांधकाम आपल्याच वजनाने खाली बसतं. अडचण हीच की बंद भुयारात हवा कमी, त्यामुळे ओलं ओकचं लाकूड नुसत्या काटक्यांनी पेटत नाही. त्यासाठी चरबी हवी. २५ नोव्हेंबरला राजाने आपला न्यायाधिकारी ह्यूबर्ट द बर्ग याला लिहिलं, की मनोऱ्याखाली आग लावायला ४० डुकरं घाईने पाठव, चांगली लठ्ठ पण खायला सर्वांत कमी योग्य असतील अशी. ते पत्र आजही उपलब्ध आहे. पाच दिवसांत किल्ला पडला.

कोपराच का निवडला, हे त्या कोपऱ्याजवळ उभं राहिलं की कळतं. भिंतीच्या मधल्या भागाखाली खणलं तर दोन्ही बाजूंचं बांधकाम तिला सावरून धरतं. कोपऱ्याला एका बाजूने आधार नसतो, आणि दोन भिंतींचा भार तिथे एकवटतो. शिवाय चौकोनी कोपऱ्याचे दगड कुदळीने एकेक करून उपटता येतात. गोल बुरुजात दगड पाचरीसारखे आत निमुळते बसतात, बाहेरून ओढून निघत नाहीत. वरच्या पहारेकऱ्यालाही चौकोनी कोपऱ्याच्या पायथ्याशी खणणारा माणूस दिसत नाही, गोल बुरुजाच्या पायथ्याशी दिसतो. तिसऱ्या हेन्रीच्या काळात हा कोपरा पुन्हा बांधताना म्हणून गोल केला. उरलेले तीन तसेच राहिले. एकाच इमारतीवर शंभर वर्षांचं अंतर असलेल्या दोन पद्धती शेजारी शेजारी आहेत.

आता आत जायचं. मधले लाकडी मजले गेले आहेत, त्यामुळे तळमजल्यावरून थेट आकाश दिसतं. भिंतीत ओळीने चौकोनी भोकं आहेत, त्यांत तुळया बसायच्या. भोकांची एक ओळ म्हणजे एक मजला. शेकोट्या अधांतरी लटकल्यासारख्या दिसतात. मनोऱ्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक आडवी भिंत आहे. कोपरा कोसळल्यावर बंडखोर याच भिंतीच्या पलीकडे सरकले आणि तिथून लढत राहिले. भिंतीच्या पोटात विहिरीची नळी आहे आणि प्रत्येक मजल्यावर तिला तोंड आहे, म्हणून पाणी शेवटपर्यंत मिळालं. अन्न संपलं. घोडे खाऊन झाल्यावर ३० नोव्हेंबरला ते शरण आले. सगळ्यांना फाशी द्यायचं राजाच्या मनात होतं, प्रत्यक्षात एका तिरंदाजालाच फाशी झाली.

वरच्या दालनांतल्या कमानींवर नागमोडी नक्षी आहे, तिथे थोडं थांबावं. भिंतीचा राखाडी खडबडीत दगड केंटचाच आहे. कोपरे आणि कमानींचा पिवळसर, मऊ, नीट कापला जाणारा दगड फ्रान्समधल्या कां (Caen) या गावाहून समुद्रमार्गे आणलेला. त्या पिवळसर दगडावर आडव्या-तिरप्या टाकीच्या खुणा दिसतात.

गोल जिन्याच्या पायऱ्या आतल्या बाजूला चार बोटं रुंद आणि बाहेरच्या बाजूला हातभर. चढताना आणि उतरताना बाहेरची बाजू धरावी. उतरताना पाऊल आडवं टाकावं, म्हणजे टाच निसटत नाही. पाऊस पडून गेला असेल तर गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून चढू नये. छप्पर नसल्याने पायऱ्या दिवसभर ओल्या राहतात. जोराचा वारा असला की माथा बंद ठेवतात. गोल जिने उजवीकडे वळतात ते उजव्या हाताने तलवार चालवणाऱ्या रखवालदाराच्या सोयीसाठी, असं बहुतेक वाटाडे सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण डावीकडे वळणारे जिनेही मध्ययुगीन किल्ल्यांत आहेत, तेव्हा त्यावर फार भार देऊ नये.

दुपारी कॅथेड्रल पाहून डोव्हरची गाडी पकडावी. रॉचेस्टरहून फेव्हरशॅम-कँटरबरीमार्गे थेट गाडी मिळते, तास-सव्वा तास लागतो. मुक्काम डोव्हरला.

तिसरा दिवस : डोव्हर

डोव्हरला पूर्ण दिवस द्यावा. डोव्हर प्रायरी स्टेशनपासून किल्ला चालत अर्धा तास, शेवटचा चढ चांगला दमवतो. गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करावी, कारण आतही दिवसभर चढउतारच आहे. समुद्राचा वारा जुलैतही थंड असतो. वाऱ्याला अडवणारा कोट जवळ हवा, छत्रीचा उपयोग नाही.

आत शिरल्यावर प्रथम युद्धकालीन भुयारांची वेळ पाहावी. खडूच्या कड्यातल्या या भुयारांतून १९४० मध्ये २६ मे ते ४ जून या दिवसांत डंकर्कहून ३ लाख ३८ हजारांवर सैनिक परत आणण्याची मोहीम चालवली गेली. इथल्या फेऱ्या ठरावीक संख्येच्या गटांनी होतात आणि दुपारी रांग वाढते. सकाळी ते उरकलं की उरलेला दिवस मध्ययुगाला मोकळा राहतो.

मोठा मनोरा दुसऱ्या हेन्रीचा, ११८० च्या दशकातला. बांधकामाचा प्रमुख मॉरिस. त्याच्या नावापुढे राजाच्या हिशेबांत ‘यंत्रकार’ लावलेलं आहे. बाजू सुमारे ३० मीटर, उंची २५ मीटर, भिंती काही ठिकाणी सहा मीटरहून जाड. रॉचेस्टरपेक्षा ठेंगणा पण खूप रुंद. इतका खर्च इथेच का केला, याचं कारण कँटरबरीत आहे. ११७० मध्ये हेन्रीच्या माणसांनी आर्चबिशप थॉमस बेकेटला कॅथेड्रलमध्ये मारलं. बेकेट संत ठरला आणि युरोपभरातून यात्रेकरू डोव्हरला उतरू लागले. ११७९ मध्ये फ्रान्सचा राजा सातवा लुईही आला. त्याला उतरवायला डोव्हरला राजाला शोभेलशी जागा नव्हती. त्यानंतर लगेच हे काम निघालं. लढाईइतकीच पाहुण्यांवर छाप पाडायची गरज या भिंतींत आहे, आणि आतल्या दालनांत २००९ मध्ये त्या काळासारखी मांडणी केली तीही तेच दाखवते. लाल, निळा, पिवळा असे भडक रंग पाहून काही जण नाक मुरडतात. मध्ययुगीन दालनं खरोखरच अशी रंगीत असत, आज उघडा दिसणारा दगड ही नंतरच्या पडझडीची देणगी आहे. विहीर दुसऱ्या मजल्यावर आहे, खोली शंभर मीटरहून अधिक, आणि तिथून शिशाच्या नळ्यांनी पाणी इतर खोल्यांत नेलेलं होतं. माथ्यावरचं छत मात्र १७९० च्या दशकातलं. फ्रेंचांच्या धास्तीने जड तोफा चढवायच्या होत्या, म्हणून खालून विटांच्या कमानी बांधल्या.

आता किल्ल्याच्या उत्तर टोकाला चालत जावं. फार थोडे प्रवासी तिथवर येतात. १२१६ मध्ये बंडखोर सरदारांच्या बोलावण्यावरून फ्रान्सचा युवराज लुई इंग्लंडात उतरला आणि जुलैत त्याने डोव्हरला वेढा दिला. किल्लेदार कोण? ज्याला जॉनने डुकरं मागितली होती तोच ह्यूबर्ट द बर्ग. किल्ल्याचा मुख्य दरवाजा तेव्हा उत्तरेला, उंचवट्यासमोर होता. किल्ल्याची ही एकच बाजू अशी, जिथे शत्रू वरच्या अंगाने येऊ शकत होता. लुईच्या माणसांनी बाहेरचा पडकोट घेतला, दरवाजाच्या दोन बुरुजांपैकी एकाखाली भुयार खणलं आणि तो पाडला. ह्यूबर्टच्या लोकांनी खिंडारात तुळया आणि लाकडं रचून आत आलेल्यांना मागे रेटलं. ऑक्टोबरात जॉन मेला, तह झाला, वेढा उठला.

त्यानंतर ह्यूबर्टने केलेल्या दुरुस्त्या आज डोळ्यांनी पाहता येतात. उत्तरेचा दरवाजा कायमचा बुजवला. दोन बुरुजांच्या मध्ये तिसरा, चोचीसारखा पुढे आलेला भरीव बुरुज घातला. नॉरफोक टॉवर्स म्हणतात ते हे. खंदकात सेंट जॉन टॉवर नावाचा सुटा बुरुज उभारला आणि खडूच्या पोटातून भुयारं काढून तो आतल्या बाजूला जोडला. वेढ्यात शत्रू जिथे खणत होता तिथेच आता किल्ल्याचे स्वतःचे बोगदे आहेत. ही मध्ययुगीन भुयारं उघडी असतात, तिकीट वेगळं लागत नाही. पायऱ्या ओल्या असतात आणि उंच माणसाला वाकावं लागतं. नवा दरवाजा पश्चिमेला, तीव्र उतारावर काढला, तो कॉन्स्टेबल्स गेट. बाहेरून पाहिला तर गोल बुरुजांचा घोसच दिसतो. रॉचेस्टरला एक कोपरा गोल झाला होता, इथे अख्खा दरवाजा गोल झाला.

परतताना रोमन दीपस्तंभ आणि त्याला लागून असलेलं सॅक्सन काळातलं चर्च चुकवू नये. संध्याकाळी ॲशफर्डला गाडी बदलून राय गावी मुक्काम करावा.

चौथा दिवस : बोडियम

सगळ्या बेतात वाहतुकीचा कठीण दिवस हाच. रायहून हेस्टिंग्ज, तिथे गाडी बदलून रॉबर्ट्सब्रिज. पुढचे सुमारे आठ किलोमीटर टॅक्सीने. स्टेशनबाहेर टॅक्सी उभी नसते, आदल्या दिवशी फोन करून परतीसकट ठरवावी लागते. न ठरवता गेलेल्यांची इथे फार पंचाईत होते. टेंटरडनहून बोडियमला वाफेची गाडी येते, मुलांना ती फार आवडेल, पण ती ठरावीक दिवशीच धावते. वेळापत्रक पाहून मगच बेत करावा.

पाण्याच्या मधोमध उभा, चार कोपऱ्यांना चार गोल बुरुज, चहूबाजूंनी प्रतिबिंब. इंग्लंडच्या दिनदर्शिकांवर हा हमखास असतो. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा प्रतिबिंब चांगलं मिळतं. १३८५ मध्ये दुसऱ्या रिचर्डने सर एडवर्ड डॅलिनग्रिग याला घराला तटबंदी करण्याचा परवाना दिला. फ्रेंचांनी त्याआधी १३७७ मध्ये राय जाळलं होतं, तेव्हा किनारा राखायचं कारण खरंच होतं. पण किल्ला नीट पाहिला की शंका येऊ लागते. बाहेरच्या भिंतीतल्या काही खिडक्या फार मोठ्या आहेत, आणि पाणी अडवणारा बांध फोडून खंदक रिकामा करणं अवघड नव्हतं. याउलट राहण्याची सोय उत्तम. शेकोट्या भरपूर आहेत, आणि भिंतींत खंदकात उतरणारे शौचकूप पंचवीसहून अधिक. प्रतापगड-राजगडावरचे शौचकूप पाहिलेल्यांना रचना ओळखीची वाटेल, फक्त इथे घाण त्याच पाण्यात जायची ज्याचं आज एवढं कौतुक होतं. अभ्यासकांमध्ये हा किल्ला की तटबंदीचा देखणा वाडा, यावर वाद आहे. या भिंती सरदाराच्या प्रतिष्ठेसाठी जास्त आणि वेढ्यासाठी कमी उभ्या आहेत, याकडेच माझं मत झुकतं.

दरवाजात मान वर करावी. छतातल्या भोकांतून खाली दगड, उकळतं पाणी टाकता यायचं. उकळतं तेल ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण तेल महाग होतं आणि दगड फुकट. त्याच्यापुढेच ओकच्या लाकडाची, लोखंडी पट्ट्या मारलेली, वरून खाली सोडायची जाळी अजून वर अडकलेली आहे. अशी मूळची लाकडी जाळी फार थोड्या ठिकाणी टिकली. आजचा पूल सरळ दरवाजाकडे जातो. मूळचा पूल बाजूने येऊन काटकोनात वळायचा, म्हणजे येणाऱ्याची उघडी बाजू बुरुजांसमोर राहायची. गोमुखी दरवाजामागचा विचार वेगळ्या मार्गाने इथेही केलेला आहे.

हा किल्ला उभा आहे तो बऱ्याच अंशी लॉर्ड कर्झनमुळे. १९०५ च्या वंगभंगासाठी आपण ज्याला ओळखतो तोच. १८९९ ते १९०५ तो भारतात व्हाइसरॉय होता. पुरातत्त्व खात्याला त्याने पुन्हा उभं केलं आणि १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा केला. आपल्या गडांवर आज संरक्षित स्मारकाचे फलक दिसतात त्यामागच्या १९५८ च्या कायद्याचं मूळ तिथे आहे. इंग्लंडला परतल्यावर त्याने १९११ मध्ये टॅटरशॉलचा विटांचा किल्ला विकत घेतला, कारण तिथल्या कोरीव शेकोट्या काढून विकल्या गेल्या होत्या. त्या त्याने परत आणून बसवल्या. त्या प्रकरणातून १९१३ च्या ब्रिटिश स्मारक कायद्याला जोर मिळाला. १९१७ मध्ये बोडियम घेतलं, खंदक उपसून डागडुजी केली, आणि १९२५ मध्ये मृत्यूपत्राने ते नॅशनल ट्रस्टला दिलं. भारतातली कारकीर्द डोळ्यांआड न करताही हे काम त्याच्या नावावर मांडावं लागतं.

दोन-अडीच तासांत बोडियम पुरा होतो. रॉबर्ट्सब्रिजहून लंडनच्या चेरिंग क्रॉसला थेट गाडी आहे.

पाचवा दिवस : वॉरिक

लंडनच्या मेरिलबोनहून वॉरिकला दीड तासाच्या आसपास. तिकीट आधी ऑनलाइन काढावं, दारावर महाग पडतं. १९७८ मध्ये हा किल्ला मॅडम तुसादच्या कंपनीने घेतला आणि तेव्हापासून तो मेळ्यासारखा चालतो: शिकारी पक्ष्यांचे खेळ, मेणाचे पुतळे, भीतीचं तळघर. मुलं बरोबर असतील तर दिवस कसा गेला कळत नाही. फक्त किल्ला पाहायचा असेल तर शाळेच्या सुट्ट्या टाळाव्यात.

पाहण्यासारख्या दोन गोष्टी. एक, १०६८ चं मातीचं टेकाड. पहिल्या दिवशी सांगितलेल्या मेढेकोटांचा पाया असाच असायचा. दोन, चौदाव्या शतकातले सीझर्स टॉवर आणि गाइज टॉवर. सीझर्स टॉवर सुमारे ४५ मीटर उंच आहे. बुरुजांची वाट एकेरी आहे, पाचशेहून अधिक पायऱ्या. मध्येच मागे फिरता येत नाही, म्हणून दम किंवा गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी खालीच थांबावं. मुक्काम वॉरिक किंवा लेमिंग्टन स्पामध्ये.

सहावा दिवस : केनिलवर्थ

लेमिंग्टनहून केनिलवर्थला रेल्वेने १० मिनिटं, पुढे किल्ल्यापर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं. लाल वाळूच्या दगडाचा प्रचंड भग्नावशेष. पावसाच्या पाण्याने हा दगड पापुद्र्यांनी सुटतो, म्हणून भिंतींवर चढू देत नाहीत. दुपारी चारनंतर उन्हात त्याचा रंग सर्वांत खुलतो.

केनिलवर्थचं बळ पाण्यात होतं. दोन ओढे बांध घालून अडवले आणि दक्षिण-पश्चिमेला सुमारे १०० एकरांचं तळं केलं. पाण्याखाली भुयार खणता येत नाही, त्यामुळे रॉचेस्टर आणि डोव्हरला जे केलं ते इथे करता येत नव्हतं. १२६६ च्या जूनमध्ये तिसऱ्या हेन्रीच्या सैन्याने बंडखोरांना इथे कोंडलं. दगडफेकीची यंत्रं लावली, तळ्यातून हल्ला करायला चेस्टरहून नावा आणल्या. काही साधलं नाही. पोपच्या प्रतिनिधीने आतल्यांना बहिष्कृत केलं, तेव्हा तटावर एकाने त्याच्यासारखा पोशाख चढवून उलट बाहेरच्यांनाच बहिष्कृत केलं. ऑक्टोबरच्या अखेरीस राजाने अटी जाहीर केल्या: जप्त जमिनीच्या वार्षिक उत्पन्नाच्या काही पट रक्कम भरा आणि जमीन परत घ्या. आतल्यांनी ते नाकारलं. डिसेंबरात भूक आणि रोगराईने ते शरण आले. जवळजवळ सहा महिने, इंग्लंडच्या मध्ययुगातला सर्वांत लांब वेढा.

पुढे हा रॉबर्ट डडली या सरदाराकडे आला. १५७५ च्या जुलैत पहिली एलिझाबेथ राणी इथे १९ दिवस राहिली. तिच्यासाठी त्याने बांधलेल्या उंच इमारतीत आता जिने आणि चौथरे बसवले आहेत, राणीच्या खोलीच्या उंचीपर्यंत चढता येतं. तेव्हाची बागही २००९ मध्ये जुन्या वर्णनावरून पुन्हा लावली. मनोऱ्याची उत्तरेची भिंत सबंध नाही. ती वेढ्यात पडलेली नाही. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धानंतर १६४९-५० मध्ये पार्लमेंटच्या हुकमाने मुद्दाम पाडली, म्हणजे किल्ला पुन्हा कोणाला लढवता येऊ नये.

त्याच वेळी तळ्याचा बांधही फोडला. वाहनतळाकडून किल्ल्यात येणारी लांब, उंच, सरळ पायवाट म्हणजे तो बांध. बहुतेक लोक तिच्यावरून झपझप चालत तिकीटखिडकी गाठतात. परतताना तिच्यावर मध्येच थांबून पश्चिमेला पाहावं: तळ्याच्या जागी कुरण आहे, त्यात गुरं चरतात, आणि पावसाळी हिवाळ्यात सखल भागात अजूनही पाणी साचतं. शेवटची गाडी चुकू नये म्हणून इथून स्टेशनपर्यंत अर्धा तास हाताशी ठेवावा.